गोवा ट्रान्समध्ये गोव्याचे काय? संगीतप्रकारांच्या उगमाविषयी

खाजन

गेल्या मे महिन्यात पुण्याहून आलेला माझा भाचा म्हणाला, ‘मामा, गोवा ट्रान्स जिथे जन्मले ती जागा मला बघायची आहे.’ मी त्याला हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर नेले. जांभ्याचे काळवंडलेले खडक, वर माडांची रांग आणि उन्हात बंद पडलेले दोन-तीन शॅक, एवढेच तिथे होते. त्याने भक्तिभावाने छायाचित्रे काढली. परत येताना म्हापशाच्या अलीकडे त्याने सहज विचारले, की इथल्या माणसांनी त्या संगीतात नेमके काय केले? त्याचे उत्तर मला देता आले नाही, आणि तेव्हापासून त्या प्रश्नाने पाठ सोडलेली नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी वाचले-ऐकले त्यावरून या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची वंशावळ अशी लागते. अमेरिकेत डिस्कोची लाट ओसरल्यावर शिकागोतील ‘वेअरहाऊस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला डीजे जुन्या रेकॉर्डना ड्रम मशीनचा ठेका जोडून वाजवू लागला. त्या क्लबाच्या नावावरूनच पुढे ‘हाऊस’ हा शब्द रूढ झाला. डेट्रॉईटमध्ये ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या शाळूसोबत्यांनी टेक्नोला रूप दिले. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचे एक छोटे यंत्र बाजारात आणले होते. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बास वाजवणाऱ्याची उणीव भासू नये, हा त्यामागचा हेतू. बासची हुबेहूब नक्कल त्याला साधली नाही, यंत्र खपले नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केले. पण जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागल्यावर शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याच्या खुंट्या पिळून असा काही चिळचिळता, लवचीक आवाज काढला की १९८७ मध्ये त्यातून ‘ॲसिड हाऊस’ उभे राहिले. ट्रान्सच्या कुठल्याही तुकड्यात तो आवाज वळवळताना ऐकू येतो.

म्हणजे ठेका अमेरिकेचा, यंत्र जपानचे, शिवाय जर्मनी आणि बेल्जियममधील इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदांचा संस्कार. ते हणजुण्याला आणून वाजवणारेही बाहेरचेच. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही १९७० च्या सुमारास इथे आला आणि अधूनमधून जात-येत राहिला. लॉराँ नावाच्या फ्रेंच डीजेने १९८० च्या दशकात रॉक बाजूला सारून इलेक्ट्रॉनिक संगीताने रात्रीच्या रात्री जागवल्या. पुढे त्या आठवणीवर लंडनमध्ये रेकॉर्ड कंपन्या निघाल्या, आणि १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्डने बीबीसीच्या रेडिओवर ‘गोवा मिक्स’ वाजवल्यावर हे नाव घराघरांत पोचले.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या संगीताच्या नावात गोवा आहे त्यात गोव्याचे फारसे काही नाही, आणि ज्या संगीतात गोव्याचे रक्त आटले आहे त्याच्या नावात गोवा कुठेच नाही. संगीतप्रकाराचा उगम शोधताना आपण नावावर नको तेवढा भरवसा ठेवतो. जाणकारांनी यावर लिहावे.

रापणकार

खाजनबाब, तुम्ही दिलेली माहिती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही.

माझे बालपण हणजुण्यात गेले. आमच्या घराच्या दोन खोल्या हंगामात परदेशी माणसांकडे असत, आणि पार्टीच्या रात्री माझी आजी माडाखाली चटई अंथरून, रॉकेलचा दिवा लावून चहा, केक आणि ऑम्लेट विकायला बसे. तिच्यासारख्या पंधरा-वीस बायका तरी ओळीने बसलेल्या असत. संगीत आमचे नव्हते, हे मी नाकारत नाही. पण संगीतप्रकार म्हणजे केवळ स्वर आणि यंत्र, हे तुमचे गृहीतक मला पटत नाही. ते कुठे, कुणासाठी आणि किती वेळ वाजवायचे आहे, यावरून त्याची बांधणी ठरते.

तीन गोष्टी लक्षात घ्या. शिकागोचा क्लब चार भिंतींचा, इथे डोक्यावर आभाळ. क्लबात माणसे येत-जात राहतात, इथे दिवेलागणीनंतर आलेला माणूस उन्हे वर येईपर्यंत हलत नसे. त्यामुळे वाजवणाऱ्यालाही रात्रीचे टप्पे पाडावे लागत, मध्यरात्रीनंतर अंगावर येणारे, काळोखे संगीत आणि झुंजुमुंजू झाल्यावर सुरेल, मोकळे. या पहाटेच्या संगीताला पुढे वेगळा वर्गच मिळाला. आपल्याकडे प्रहरानुसार राग गातात, त्याच्याशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तसे काही सिद्ध करण्याचा माझा दावा नाही. रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या शरीराची ती गरज आहे, आणि ती दशावतार पाहणाऱ्यालाही ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट हवेची. युरोपातले डीजे विनाइल रेकॉर्डवर वाजवत. आमच्याकडच्या उन्हात आणि धुळीत त्या रेकॉर्ड वाकड्या होत, शिवाय त्यांचे ओझे विमानातून आणणे परवडत नसे. म्हणून इथे कॅसेट आल्या आणि १९८७ मध्ये सोनीने डॅट ही डिजिटल टेप आणल्यानंतर सगळा व्यवहार त्यावर गेला. रेकॉर्डचा वेग बोटाने कमी-जास्त करून दोन ठेके जुळवता येतात, डॅटवर ते जमत नाही. मग एक तुकडा संपताना ठेका विरून जावा आणि दुसरा ठेक्याशिवाय हळूहळू उमलत यावा, अशी रचना करणे भाग पडले. गोवा ट्रान्समध्ये सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट नुसते तरंगणारे आवाज असतात, ते केवळ गूढतेसाठी नाहीत. आमच्या किनाऱ्यावरच्या उकाड्याची ती खूण आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची. लॉराँ आणि त्याचे सोबती मूळ गाण्यांतले गायन कापून केवळ वाद्यांचे भाग एकमेकांना जोडत, कारण समोर दहा देशांची माणसे होती आणि कुणाच्याही भाषेने त्या रात्रीचा भंग होऊ नये, ही अपेक्षा होती. शब्द गेल्यावर संगीत वेगळेच झाले. हे शिकागोत घडले नसते.

आता रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, त्यामुळे पहाटेचे संगीत संध्याकाळी साडेसातला ऐकावे लागते. त्याविषयी शेजारी म्हणून माझे मत वेगळे आणि ऐकणारा म्हणून वेगळे. असो.

तुळशी

दोघांचेही लेखन मन लावून वाचले. रापणकारांचा डॅटचा मुद्दा मला नवा होता आणि पटला. मी कंठसंगीत शिकलेली आहे, त्यामुळे आधी स्वरांविषयी थोडे लिहिते आणि मग खाजनबाबांच्या दुसऱ्या विधानाकडे येते.

गोवा ट्रान्समध्ये पुन्हा पुन्हा येणारी एक स्वरपंक्ती आहे, ज्यात रिषभ, धैवत आणि निषाद कोमल, तर गांधार शुद्ध असतो. आपल्या कानाला ती बसंत मुखारीसारखी लागते आणि आपण खूश होतो, की पाहा, आमचा राग घेतला. परंतु अरबी संगीतातील हिजाजचा रंगही याच जातीचा आहे, आणि या संगीताला १९९० च्या दशकात ज्यांनी उचलून धरले त्यांत इस्रायली तरुण फार मोठ्या संख्येने होते. तेव्हा त्या स्वरांचे श्रेय घेण्याआधी थोडे थांबावे. रेकॉर्डच्या वेष्टनावर ॐ छापला म्हणून आतला राग आपला होत नाही.

आता मांडो. ज्या नाचगाण्याला आपण गोव्याचे म्हणून जगापुढे ठेवतो, ते एकोणिसाव्या शतकात दक्षिण गोव्याच्या साष्टीतील कुडतरी, लोटली, मडगाव या भागातल्या जमीनदार ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत घडले. भाषा कोंकणी, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचे चर्मवाद्य, दोन आवाज एकमेकांपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर समांतर चालणारे, आणि लय सहा मात्रांची, संथ. त्याच्या पाठोपाठ येते ती दुलपद, जलद आणि खेळकर. मांडो पोर्तुगालच्या फादो या गीतप्रकारातून आला, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. फादो लिस्बनच्या बंदराकडच्या वस्त्यांत, दारूच्या गुत्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आला, त्याची चाल बहुधा दोन किंवा चार मात्रांची असते आणि तो ऐकायचा असतो. मांडो नाचायचा असतो, तोही पंखा हातात घेऊन, तोर्होप-बाज हा पारंपरिक पोशाख नेसून, समोरासमोरच्या दोन रांगांत. त्याचे नाते गुत्त्याशी कमी आणि युरोपीय दिवाणखान्यातल्या वॉल्ट्झसारख्या नाचांशी अधिक दिसते. शिवाय फादो तरी निखळ पोर्तुगीज कुठे आहे? नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा राजदरबार १८०८ ते १८२१ रिओ दि जानेरोत राहिला, आणि तो परतला त्या सुमारास ब्राझीलमधील आफ्रिकी गुलामांच्या नाचगाण्यांतून घडलेले लुंडू आणि मोदिन्या ही प्रेमगीते असे प्रकार लिस्बनमध्ये गाजत होते. फादोच्या घडणीत त्यांचा वाटा अनेक अभ्यासक मानतात.

देखणीची गोष्ट याहून विलक्षण आहे. ती ख्रिस्ती घरांतली गाणी आहेत, पण त्यांत नाचते ती हिंदू कलावंतीण. सर्वांना ठाऊक असलेल्या देखणीत, जी कार्लुस एउजेनियु फेरेरा यांची मानली जाते, दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण नदीपलीकडे नेण्यासाठी नावाड्याची विनवणी करते आणि अंगावरचा एकेक दागिना त्याला देऊ करते. नदीच्या अल्याड जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख, पल्याड नव्या, नंतर जिंकलेल्या, हे गोव्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्ती घरांतील लग्नकार्यात देशी गाणी गाण्यावर बंदी घातली होती. पुढे दीड-दोनशे वर्षांनी त्याच घरांतल्या मुली पायांत घुंगरू बांधून कलावंतिणीचे सोंग घेऊ लागल्या. घुमटही तसेच, जे चवथीच्या आरतीला आमच्या घरी वाजते तेच मांडोलाही वाजते. मग मांडोचा उगम कुणाच्या घरात शोधायचा?

बोरीपूल

तुळशीताईंनी नदीपर्यंत आणून सोडले आहे, मी मुंबईपर्यंत नेतो. कारण खाजनबाबांच्या वाक्याचा उत्तरार्ध, म्हणजे ‘ज्या संगीतात गोव्याचे रक्त आटले आहे’, त्याविषयी अजून कुणीच लिहिलेले नाही.

सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा सुरू झाल्या आणि तिथे मुलांना लिहिण्या-वाचण्याबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाऊ लागले. शिकवणारा मेस्त्र कडक असे. हेतू प्रार्थनासंगीताचा होता, परंतु परिणाम असा झाला, की खेडोपाडीच्या गरीब घरांतली मुले कागदावरचे संगीत वर्तमानपत्र वाचावे तसे वाचू लागली. भारतात अन्यत्र हे कौशल्य इतक्या मोठ्या प्रमाणावर कुठेही नव्हते. गोव्यात रोजगार नव्हता, म्हणून हीच मुले ब्रिटिश हिंदुस्थानात गेली. लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, जहाजे, हॉटेले आणि मूकपटांच्या काळात पडद्याखाली बसून वाजवणारे वादक, या सर्व ठिकाणी ती दिसतात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या कूडी, म्हणजे त्या-त्या गावच्या माणसांची सामाईक बिऱ्हाडे, होत्या, तिथे पेटी ठेवायची, मिळेल तिथे वाजवायचे आणि पैसे गावी पाठवायचे.

१९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि पडद्याखालचे काम गेले. त्याच सुमारास दुसरे दार उघडले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी संगीतकाराचा जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत ब्लूज, रॅगटाइम, ब्रास बँड आणि चर्चगीते एकत्र येऊन घडलेले हे संगीत गोव्याच्या मुलांनी फार लवकर आत्मसात केले. त्यांना कागद वाचता येत होताच, कागदाबाहेर कसे जायचे ते या पाहुण्यांना ऐकून ती शिकली. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

स्वातंत्र्यानंतर हीच मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन बसली. तिथली अडचण समजून घ्यायला हवी. संगीतकार पेटीवर चाल बांधतो आणि ती त्याच्या डोक्यात असते. समोर चाळीस-पन्नास वादक बसले आहेत, घड्याळ चालू आहे, आणि एका दिवसात गाणे मुद्रित व्हायचे आहे. ती चाल लिहून काढायची, तिच्या मधल्या जागा भरायच्या, व्हायोलिनचा ताफा गायकाच्या ओळीला कुठे उत्तर देईल ते ठरवायचे आणि प्रत्येकाच्या हाती त्याचा कागद द्यायचा, हे काम अरेंजरचे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ते शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवतही. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांनी १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा प्रयोगही मुंबईत केला होता. १९७७ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातून त्यांचे नाव देशभर दुमदुमले, आणि हे एका खऱ्या माणसाचे नाव आहे, हे ऐकणाऱ्या बहुसंख्यांना ठाऊकच नव्हते.

याहून मला आवडणारे उदाहरण सी. रामचंद्र यांच्या १९५७ सालच्या ‘ईना मीना डीका’चे आहे. त्यात निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांमध्ये ‘माका नाका’ येते. दिल्लीच्या माणसाला ती केवळ अक्षरे वाटतात. आपल्याला ‘मला नको’ असे स्वच्छ ऐकू येते. त्या गाण्यात रॉक अँड रोल आहे, नगर जिल्ह्यातला मराठी संगीतकार आहे, आणि मध्येच कुणा गोंयकाराने मारलेली कोपरखळी आहे. या प्रकाराला नाव काय द्याल? ‘हिंदी चित्रपटसंगीत’ म्हणतात खरे, पण त्या तीन शब्दांत यातले काय आले?

साखळीकर

चर्चा फार उत्तम चालली आहे, पण धाग्याच्या मूळ प्रश्नातच एक खोट आहे असे मला वाटते. उगम म्हणजे एखादा झरा असतो आणि तो शोधता येतो, ही कल्पना आपण नद्यांवरून उचलली आहे. संगीताला ती लागू पडत नसावी.

हिपहॉपचे उदाहरण घ्या. त्याची जन्मतारीख लोक चक्क दिवसासकट सांगतात, ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सेजविक अव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तळमजल्यावरच्या सभागृहात तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, याला वाजवायला उभे केले. गाण्यात ठेका एकटा उरतो तो छोटा भाग लोकांना नाचायला आवडतो, हे हेरून त्याने पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून-पालटून वाजवत तो भाग लांबवला. इतकी नेमकी जागा आणि वेळ दुसऱ्या कुठल्याच प्रकाराला लाभलेली नसेल. पण हर्कचा जन्म जमैकातला. प्रचंड ध्वनिक्षेपक रस्त्यावर मांडून माणसे नाचवायची आणि मायक्रोफोनवरून त्यांना चेतवायचे, ही किंग्स्टनची रीत. जमैकाच्या लोकांनी तरी आपले स्का हे संगीत कुठून आणले? न्यू ऑर्लिन्स आणि मायामीच्या रेडिओवर लागणारे कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकून, ठेक्याचा जोर उलटीकडे टाकून. त्याच स्कामधून रॉकस्टेडी आणि १९६८ च्या सुमारास रेगे. म्हणजे अमेरिकेतून निघालेले संगीत जमैकाला वळसा घालून पुन्हा अमेरिकेत आले आणि लोकांनी त्याला नवजात म्हटले. झरा शोधायला निघालो तर हाती भोवरे लागतात.

खाजन

साखळीकर, भोवरे मान्य. तरी एक गोष्ट सोडायला मन तयार नाही. भोवऱ्यातही कुणाचा तरी हात बुडालेला असतो, आणि त्या हाताला मोबदला मिळाला की नाही, नाव मिळाले की नाही, हा प्रश्न उरतोच. बोरीपूल यांनी लिहिलेल्या अरेंजरांची नावे कितीतरी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत नाहीत. रापणकारांच्या आजीचे नाव तर कुठे असण्याचा प्रश्नच नाही. हे मी हळवा होऊन लिहीत नाही. उगमाचा इतिहास रेकॉर्ड कंपन्यांच्या कागदपत्रांवरून लिहिला की त्यात एवढीच माणसे सापडतात, हे नोंदवायचे आहे.

आपण मराठी बोलणाऱ्यांनी दुसऱ्या नदीकाठाचाही हिशेब मांडायला हवा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा नाट्यसंगीत नावाचा प्रकार अस्तित्वातच नव्हता. कीर्तनातील साकी-दिंडी, कर्नाटकी चाली, लावणी आणि पारशी रंगभूमीवरच्या धाटण्या असा तो कालवा होता. १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’च्या चाली बांधल्या आणि ख्याल-ठुमरीचा रंग गडद झाला. मग गायक कुठून आणायचे? सोळाव्या शतकात मूळ जागा सोडून फोंडा महालात आलेल्या देवळांच्या परिसरात कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणे जपले होते, तिथून. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आधी किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१८ मध्ये त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ख्यालगायनात गेल्या. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. मोगूबाईंचे कुर्डी मात्र साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेवढे दिवस वर येते.

एकाच इवल्याशा प्रदेशाच्या दोन काठांवरून, एका काठावर व्हायोलिनची पेटी आणि दुसऱ्या काठावर तानपुरा घेऊन, माणसे एकाच शहराकडे निघाली. तिथे एकमेकांच्या शेजारच्या इमारतींत राहिली आणि पुढे एकाच ध्वनिमुद्रणगृहात बसली. कोंकणी तियात्राचाही, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या नाटकाचाही, पहिला प्रयोग गोव्यात झालेला नाही, तो १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात झाला.

रापणकारांचा डॅटचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो. ‘फारसे काही नाही’ हे माझे शब्द चुकीचे होते. उकाडा आणि रात्रीची लांबी हेही गोव्याचेच. भाच्याला तसे कळवले आहे. त्याचे उत्तर आले, की मग मला खडकाऐवजी आजीची चटई दाखवायला हवी होती.

रापणकार

चटई उरली नाही, पण चहाचे पातेले आहे. भाच्याला घेऊन या.

तुळशीताई, एक शंका आहे. चवथीत वाजणाऱ्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे असे आणि आता बकऱ्याचे असते. तुमच्या कानाला फरक जाणवतो का? जाणवत असेल, तर साखळीकरांच्या भोवऱ्यात आपले राज्याचे वारसावाद्यही आले असे म्हणावे लागेल.

तुळशी

फरक निश्चित जाणवतो. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेला मातीचा घट. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात आणि लहान तोंड डाव्या तळहाताने झाकत-उघडत आवाजाला खोली देतात. घोरपडीचे कातडे पातळ आणि चिवट असल्याने त्यातून टणत्कार आणि घुमारा दोन्ही निघत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वापरणे गुन्हा ठरले आणि ते योग्यच झाले, कारण केवळ आरतीसाठी घोरपडी मारणे कुणालाच शोभले नसते. बकऱ्याच्या कातड्याचा आवाज थोडा भरड आणि बसका येतो. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसावाद्य ठरवले तेव्हा गौरव झाला तो या बदललेल्या आवाजाचा. आमच्या वाड्यावरच्या मुलांनी जुना आवाज ऐकलेलाच नाही. त्यांच्या दृष्टीने घुमट असेच वाजते आणि सुवारी, म्हणजे घुमटांचे समूहवादन, रंगायला त्यांना त्यात काही कमी पडत नाही.

मात्र तुम्ही हवेविषयी लिहिले ते इथेही लागू आहे. चवथ येते ती भर पावसाळी हवेत. दमट हवेने बकऱ्याचे कातडे लवकर सैल पडते, म्हणून आरतीच्या अर्धा तास आधी आमच्याकडे घुमटे चुलीपुढे ओळीने मांडून शेकवली जातात, आणि कुणाचे किती तापले हे माझे वडील बोटाच्या एका टिचकीने सांगतात.